दिनविशेष : २५ जुलै
बडनेरा : दादासाहेब गवई, म्हणजे रा. सू. गवई, २०१५ साली आजच्या दिवशी नागपुरात वारले. दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचे दादासाहेब १९६४ ते १९९४ विधान परिषदेत होते. १९७८ ते १९८२ सभापती. पुढे राज्यसभा, मग बिहार आणि केरळचे राज्यपालपद. इंग्लंडात लॉर्ड केले की तहहयात वरिष्ठ सभागृहात बसता येते. इथे विधान परिषदेत दर सहा वर्षांनी खुर्ची रिकामी होते, आणि यांचा रिपब्लिकन पक्ष तर छोटा; तरी दादासाहेब तीस वर्षे टिकले!

आठवावी ती १९९८ची लोकसभा. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा, घडी घालून पेटीत टाकायची, असे ते दिवस. अमरावतीतून गवई, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले निवडून आले. चौघेही रिपब्लिकन, चारही जागा खुल्या, त्यातल्या दोन आपल्या वऱ्हाडातल्या. पुढे या चौघांचे गट पांगले. अमरावतीची जागा २००९पासून अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. उमेदवाराची जात बाजूला ठेवून खुल्या जागेवर रिपब्लिकनांच्या निळ्या झेंड्याला मत देण्याचा प्रसंग लोकसभेला बडनेऱ्याच्या मतदारावर जागा राखीव झाल्यापासून आलेला नाही.