बिनपिठाचा पाव

वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशरच्या किनाऱ्याजवळ सुट्टीसाठी एखादं दगडी कॉटेज घेतलं, की खाण्यापिण्याच्या जागा शोधायला फार डोकं चालवावं लागत नाही. त्या असतातच मोजक्या. गावात एक पब, चार मैलांवर दुसरा, समुद्राकाठी उन्हाळ्यात उभी राहणारी एखादी खाण्याची गाडी, आणि गाव जरा मोठं असेल तर कॅफे. तिथली बिअर, फिश अँड चिप्स, रविवारचं रोस्ट यांच्या कुळकथा सांगणारे पुष्कळ आहेत. मला रस आहे तो सकाळच्या बशीत अंडं, बेकन आणि कॉकल नावाच्या शिंपल्यांच्या शेजारी येणाऱ्या काळपट हिरव्या गोळ्यात. इंग्रजीत त्याला लेव्हरब्रेड म्हणतात, वेल्शमध्ये ‘बारा लाउर’. बारा म्हणजे पाव. पण मूळ पदार्थात पीठ औषधालाही नसतं.

असतं ते फक्त समुद्रातलं शेवाळ. शास्त्रीय नाव पॉर्फिरा अम्बिलिकॅलिस. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावर ते जांभळट-तपकिरी प्लॅस्टिकच्या फाटक्या पिशवीसारखं चिकटून बसतं. पान जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. ते खुडून आणायचं आणि धुवायचं, परत धुवायचं, दाताखाली वाळू येणार नाही अशी खात्री होईपर्यंत धुवायचं. मग तासन्‌तास शिजवायचं. सहा तास तर कुठेच गेले नाहीत. शेवटी वाटून लगदा करायचा. खाताना त्यात ओटचं भरड पीठ कालवून वड्या थापतात आणि बेकनच्या चरबीत परततात. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, चवीला समुद्र आणि थोडं लोखंड. पहिल्या घासाला तोंड वाकडं करणारे बरेच असतात. मला आवडतं.

आता नाव. ‘लेव्हर’ हा शब्द प्लिनीच्या लॅटिन ग्रंथात येतो, पण तिथे ती पाण्यातली एक वनस्पती आहे, समुद्रातलं शेवाळ नव्हे. दुसरा पक्ष म्हणतो, लॅटिनमध्ये धुण्याला जे क्रियापद आहे त्याच्यावरून हे नाव पडलं, कारण सगळी मेहनत धुण्यातच आहे. तिसरा पक्ष वेल्शमधल्या जमीन या अर्थाच्या ‘ख्लाउर’कडे बोट दाखवतो. हा तिसरा पक्ष मी तरी सरळ निकालात काढतो. वेल्शमध्ये ‘लाउर’ इंग्रजीतून आला आणि इंग्रजीत लॅटिनमधून, इतकं मला पुरतं. खरा तिढा उरलेल्या अर्ध्या नावाचा आहे. पाव कुठून आला?

सर्वसाधारण उत्तर असं, की गरिबाचं रोजचं अन्न म्हणून त्याला पाव म्हटलं. हे उत्तर मला कधी पटलं नाही. गरिबांनी बटाटे खाल्ले, कांजी खाल्ली, त्यांना कोणी पाव म्हटलं नाही. विल्यम कॅमडनच्या ‘ब्रिटानिया’ या प्रसिद्ध ग्रंथाच्या सतराव्या शतकातल्या आवृत्त्या चाळल्या, की दुसरंच काही सापडतं. सेंट डेव्हिड्सच्या आसपासचे शेतकरी वसंतात हे शेवाळ गोळा करतात आणि त्याचं खाणं बनवतात, असं तिथे म्हटलं आहे. इंग्रजीत त्याला काळं लोणी म्हणत, हेही आहे. कृती अशी: वाळू धुऊन काढायची, दोन चपट्या दगडांमध्ये ठेवून शेवाळाला घाम फोडायचा, बारीक चिरायचं, मग पावाची कणीक तिंबतात तसं तिंबायचं आणि मोठाले गोळे वळायचे. कोणी ते कच्चंच खात, कोणी ओट आणि लोणी घालून परतत.

पाव इथे आहे. तो पिठातून आलेला नाही, तिंबण्यातून आलेला आहे. पदार्थाला नाव मिळालं ते हाताच्या क्रियेवरून.

पण या वर्णनात दुसरी एक गोष्ट आहे, किंवा खरं म्हणजे नाही, आणि माझा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. उकळण्याचा उल्लेखच नाही. दगडाखाली घाम फोडणं, चिरणं, तिंबणं, हे सगळं हाताचं काम. आज ज्याच्यावाचून लेव्हरब्रेड होतच नाही ती तासन्‌तासांची उकळ तिथे नाही. मधल्या काळात असं काय घडलं, की तिंबण्याची जागा उकळण्याने घेतली?

माझं उत्तर: कोळसा. सहा-आठ तास हंडा उकळत ठेवायचा तर सरपण स्वस्त हवं. दक्षिण वेल्सच्या जमिनीखाली ते होतं. १९१३ साली तिथल्या खाणींतून सुमारे पाच कोटी सत्तर लाख टन कोळसा निघाला. लेव्हरब्रेडचं माहेर म्हणून आज ज्याचं नाव घेतात ते गावर द्वीपकल्पावरचं पेनक्लाउद हे गाव कोळशाच्या पट्ट्यातच येतं, तिथे खाणीही होत्या. पेनक्लाउद मुख्यतः कॉकलवाल्या बायकांचं गाव. ओहोटीला गाढवं घेऊन त्या खाडीच्या वाळूत उतरत, शिंपले उकरून उकडत आणि टोपल्या घेऊन स्वान्झीच्या बाजाराला जात. वाट अनवाणी चालायची, शहराच्या वेशीवर ओल्खफा इथल्या ओढ्यात पाय धुवायचे आणि मगच बूट घालायचे, असं सांगतात. त्या जागेच्या नावाचा अर्थच धुण्याची जागा. ज्या घरात कॉकल उकडायला चूल पेटलेलीच आहे, तिथे शेवाळाचा हंडा चढवायला वेगळा खर्च नाही. स्वान्झीच्या बाजारात आजही कॉकल आणि लेव्हरब्रेड एकाच गाळ्यावर मिळतात.

आणखी एक पुरावा. पेम्ब्रोकशरमधल्या फ्रेशवॉटर वेस्टच्या किनाऱ्यावर गवताने शाकारलेलं एक बुटकं खोपटं पुन्हा बांधून ठेवलं आहे. (त्याच किनाऱ्यावर हॅरी पॉटरच्या चित्रपटातल्या डॉबीची समाधी असल्यामुळे निम्मे पर्यटक खोपट्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.) एकेकाळी अशी बरीच खोपटी तिथे होती. अँगल गावच्या बायका शेवाळ गोळा करून त्यांत वाळवायच्या, वाळलेला माल गाडीने पेम्ब्रोक स्टेशनात आणि तिथून रेल्वेने स्वान्झीकडे जायचा. म्हणजे शेवाळ एका टोकाला आणि हंडा दुसऱ्या टोकाला, कोळशाजवळ.

इथे विरोधक हसतील, आणि त्यांना हसायला जागा आहे. माल स्वान्झीला गेला तो गिऱ्हाइकासाठी, कोळशासाठी नव्हे, असं ते म्हणतील. अंधारात राबणाऱ्या खाणकामगाराला सकाळी बेकन, कॉकल आणि लेव्हरब्रेड लागायचं, हे सर्वांना माहीत आहे. मान्य. पण मग गिऱ्हाईक आणि सरपण दोन्ही एकाच खाणीतून वर आले, इतकंच म्हणता येईल. माझ्या मताला त्याने धक्का लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त टोचतो. आयर्लंडमध्ये हेच शेवाळ ‘स्लोक’ म्हणून खातात आणि तेही भरपूर शिजवतात. तिथे कोळशाचा असा पट्टा कुठे? तिथे पीट होतं, दलदलीतून कापून वाळवलेलं आणि मंद जळत राहणारं, असं माझं उत्तर आहे. इंग्लंडात नॉर्थ डेव्हनमध्येही लेव्हर शिजवतात, आणि अठराव्या शतकात बाथच्या शौकिनांना ते बरण्यांत भरून विकलं जायचं. डेव्हनला ना असा कोळशाचा पट्टा ना आयर्लंडसारखी पीटची मिरास. तिथे माझी गाडी अडते. डेव्हनने ही सवय समुद्रापलीकडच्या वेल्सकडून उचलली असावी, असं धरून मी पुढे जातो. ब्रिस्टलच्या खाडीत जहाजांची ये-जा काही कमी नव्हती.

माझा सिद्धांत एवढाच आहे, की या शेवाळाला स्वतःचं असं काही रूप नाही. शेजारी जो धंदा चालतो त्याचं वळण ते घेतं. या मताला बळकटी मिळते ती थेट जपानातून.

जपानी नोरी, म्हणजे सुशीला गुंडाळलेला तो काळा पापुद्रा, याच शेवाळाच्या भाऊबंदांपासून होतो. जपानात त्याची थोरवी जुनी, इ. स. ७०१ च्या ताइहो कायद्यात कर म्हणून भरायच्या वस्तूंत समुद्रशेवाळही होतं. पण एकवीस सेंटिमीटर बाय एकोणीस सेंटिमीटरचा पातळ चौकोनी ताव ही एदो काळातली करामत. तो प्रसिद्ध झाला असाकुसाच्या नावाने, आणि असाकुसा हे रद्दीपासून नवा कागद करणाऱ्यांचं ठिकाण. लगदा पाण्यात कालवायचा, चौकटीत बसवलेल्या चटईवर पसरायचा, पाणी निथळू द्यायचं, वाळवायचा: कागदाची कृती अशी आणि नोरीचीही अशीच. कागद तर जपानात सगळीकडेच व्हायचा, मग श्रेय असाकुसालाच का, असं काही जण विचारतात. विचारोत बापडे. पाव तिंबणाऱ्यांनी तिंबलं, कोळसेवाल्यांनी उकळलं, कागदवाल्यांनी ताव काढले. एवढी सरळ रेघ इतिहासात वरचेवर मिळत नाही.

आणि या दोन टोकांची गाठ पुढे खरोखरच पडली. उन्हाळ्यात नोरीचं शेवाळ नाहीसं होतं आणि थंडी पडू लागली की परत येतं. मधल्या काळात ते जातं कुठे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. वेल्समध्ये हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तिथे शेवाळ लावत नाहीत, नुसतं खुडतात. जपानात मात्र समुद्रात बांबू आणि जाळी रोवून बी आपण होऊन चिकटण्याची वाट पाहायची, इतकीच शेती होती. पीक आलं तर आलं, म्हणून त्याला जुगारी गवत म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत ते पार बसलं.

उत्तर मिळालं मँचेस्टरमध्ये. कॅथलीन ड्र्यू-बेकर, जन्म १९०१, विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. १९२८ मध्ये लग्न झालं आणि विवाहित बाईला अध्यापक ठेवायचं नाही या नियमाने नोकरी गेली. त्यांनी संशोधन सोडलं नाही. लेव्हरब्रेडमध्ये पडतं तेच पॉर्फिरा अम्बिलिकॅलिस त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलं, आणि त्याचे बीजाणू शिंपल्याच्या कवचात शिरून गुलाबी धाग्यांच्या रूपात उन्हाळा काढतात, असं त्यांना दिसलं. हे गुलाबी धागे शास्त्राला १८९२ पासून माहीत होते, फक्त स्वतंत्र जातीचे म्हणून; नाव कॉन्कोसेलिस. दोन जाती म्हणजे एकाच शेवाळाच्या दोन अवस्था निघाल्या. हा शोधनिबंध १९४९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. जपानात क्यूशू विद्यापीठाच्या सोकिची सेगावा यांनी तो धागा पकडला, आणि काही वर्षांतच टाक्यांत, कालवांच्या कवचांवर बी धरून ते जाळ्यांवर सोडण्याचं तंत्र उभं राहिलं. नोरीची शेती जुगारातून सुटली. ड्र्यू-बेकर १९५७ मध्ये वारल्या. जपान त्यांनी कधी पाहिला नाही. कुमामोतोतल्या उतो इथे आरिआके समुद्राकडे तोंड करून त्यांचं स्मारक १९६३ मध्ये उभारलं गेलं आणि दर १४ एप्रिलला तिथे त्यांचं स्मरण होतं. इकडे वेल्श लेव्हरब्रेडला २०१७ मध्ये युरोपचं संरक्षित नाव मिळालं. ते मिळालं ते अर्थात उकळून वाटलेल्या लगद्याला.

आता आपल्याकडचा एक प्रश्न. या घराण्यातली पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस ही जात सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या कातळांवर पावसाळ्यात उगवते. कोकणातली माणसं ओहोटीला त्याच कातळांवरून कालवं फोडून आणतात, खाडीतून तिसऱ्या आणतात. समुद्राचं काही वाया घालवण्याची त्यांची ख्याती नाही. मग हे का सोडलं? माझ्या सिद्धांताप्रमाणे कोकणात त्याची आंबापोळी, फणसपोळीच्या पंगतीत बसणारी एखादी शेवाळपोळी व्हायला हवी होती; ताटात पसरून वाळवण्याचा शेजारधर्म तिथे घरोघरी आहे. पण पोळी वाळते वैशाखात, शेवाळ येतं आषाढात. तेव्हा ऊन नाही, समुद्र खवळलेला, कातळावर पाय ठरत नाही. वळण होतं, पण वेळ जुळली नाही, असं मी धरून चाललो आहे. मालवणकडच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईने ‘आमची आजी त्याची भाजी करायची’ असं सांगितलं, तर मला हा परिच्छेद खोडावा लागेल आणि मी तो आनंदाने खोडेन.