उताऱ्याची पंचवीस वर्षे

हेरॉइन किंवा मॉर्फिनची मात्रा जास्त झाली की श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात आणि माणूस दगावतो. यावरचा उतारा, नॅलोक्सोन, जॅक फिशमन व मोझेस लेवेनस्टाइन यांनी शोधला. १९६१ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९७१ साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

पुढली पंचवीस वर्षे मात्र ते इस्पितळे आणि रुग्णवाहिकांपुरतेच राहिले. मरणाऱ्याजवळ त्या घडीला असतो तो दुसरा व्यसनी, नाहीतर घरचे माणूस. अटकेच्या भीतीने मदत मागायलाही कचरणारे. हे ओळखून १९९६ मध्ये डॅन बिग यांच्या ‘शिकागो रिकव्हरी अलायन्स’ने औषध थेट त्यांच्याच हाती द्यायला सुरुवात केली. लक्षणे कशी ओळखावीत, तोंडाने श्वास कसा द्यावा, सुई कुठे टोचावी, हेही शिकवले. उतारा ओसरल्यावर श्वास पुन्हा थांबू शकतो, म्हणून सोबत थांबायचे, हाही धडा होता.

अशाने व्यसनी बेफिकीर होतील, असा आक्षेप आला. जून २०१० पर्यंत अमेरिकेतील अशा उपक्रमांनी ५३,०३२ जणांना शिकवून औषध दिले. श्वास परत आणल्याच्या १०,१७१ नोंदी झाल्या.

दरम्यान २००३ मध्ये खुद्द फिशमन यांचा सावत्र मुलगा हेरॉइनच्या अतिमात्रेने गेला. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना नाकात मारायचा फवारा अमेरिकेतील दुकानांत आला तो २०२३ मध्ये.