कोयनेची कोरी पाने

नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावर ‘मेरी’ आहे, म्हणजे १९५९ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था. राज्यातील धरणांच्या परिसरातल्या भूकंपमापकांच्या नोंदी इथे तपासल्या जातात. तपासणारा आलेखावर आधी प्राथमिक तरंग शोधतो, मग दुय्यम. खडकातून पहिला सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावतो, दुसरा साडेतीन. दोघांच्या आगमनात जितक्या सेकंदांचे अंतर, त्याला आठाने गुणले की भूकंप किती किलोमीटरवर झाला हे ढोबळमानाने कळते. ठिकाण ठरवायला मात्र किमान तीन केंद्रांच्या नोंदी लागतात. ही रीत ध्यानात ठेवून एक जुने प्रकरण उघडू. कोयनेची जमीन धरणाआधीही हलत होती का?

आधी १९६७ च्या मोठ्या भूकंपाचा पुरावा पाहू. तो कोयना धरणाच्या पोटातला. मुख्य धक्क्याच्या वेळी पायाजवळच्या गॅलरीतील त्वरणमापक चालू होता. धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट आणि उभ्या दिशेने ०.३४ पट त्वरण त्याने नोंदवले. आराखड्यात धरलेला भूकंप-गुणांक होता ०.०५. या दोन आकड्यांचा थेट भागाकार करू नये. गुणांक हा गणितासाठी धरलेला स्थिर भार असतो आणि शिखर-त्वरण क्षणभराचे. तरीही १०३ मीटर उंचीच्या धरणाला मागची बाजू जिथे उतार बदलते त्या उंचीवर तडे गेले, आणि धरण उभे राहिले. या दोन्ही गोष्टी निश्चित आहेत.

तारीख पाहताना जपावे लागते. आंतरराष्ट्रीय सूचीत हा भूकंप १० डिसेंबर १९६७ चा आहे, तर मराठी माणसाच्या आठवणीत ११ डिसेंबरचा. सूचीतली वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे, रात्री १० वाजून ५१ मिनिटे. तीत साडेपाच तास मिळवले की पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे होतात. विसंगती मिटली. मृतांची संख्या मात्र अशी जुळत नाही. कुठे १७७, कुठे सुमारे १८०, कुठे २००. तीव्रताही जुन्या अभियांत्रिकी लेखांत ६.५ आहे, आता बहुधा ६.३ लिहितात.

आता मागे जाऊ. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला पाचाच्या घरातला एक धक्का बसला होता. त्याही आधीचा कागद अधिक बोलका आहे. मोठ्या धरणांची नववी आंतरराष्ट्रीय परिषद १९६७ मध्ये इस्तंबूलला भरली. तिच्यासाठी पी. एम. माने यांनी कोयना प्रकल्प परिसरातील भूकंपनांवर निबंध लिहिला होता. डिसेंबरचा अनर्थ अजून घडायचा होता. म्हणजे ‘धक्के बसत होते’ ही नंतर सुचलेली आठवण नव्हे, ती आधीची लेखी नोंद आहे. जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला, १९६३ पासून धक्के वाढले, आणि १९६३-६४ मध्ये चार निरीक्षण केंद्रे उभारली गेली. त्यांच्या नोंदींत बहुतेक धक्क्यांची उगमस्थाने उथळ आणि जलाशयालगत आढळली.

आणि १९६२ पूर्वी? सर्वांत जवळचे भूकंपमापन केंद्र पुण्याला, सुमारे ११५ किलोमीटरवर. इतक्या दुरून बारीक धक्क्यांचा माग लागणे कठीण. त्या काळातली नोंद नाही, एवढ्यावरून जमीन शांत होती असे म्हणता येत नाही. पूर्वीची शांतता हे अनुमान आहे. मजबूत असले तरी अनुमानच.

त्याला बळ मिळते नंतरच्या पुराव्याने. पावसाळ्यात जलाशय भरला की पुढच्या महिन्यांत धक्के वाढतात, हे दशकानुदशके दिसले आहे. १९६७ च्या भूकंपात डोणीचावाडा विभंगावर खडक आडवा सरकला, याबद्दल अभ्यासकांचे बहुतांश एकमत आहे. ताण भूगर्भात आधीच साठलेला होता. भेगांतून मुरलेल्या पाण्याच्या दाबाने विभंगाची पकड सैल केली, असे आजचे स्पष्टीकरण सांगते. म्हणजे भूकंपाचे बळ जमिनीचे, पाण्याने फक्त निमित्त पुरवले. हेच तपासण्यासाठी कोयना परिसरातल्या गोठणे येथे २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोलीचे छिद्र पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडून ते खालच्या ग्रॅनाइटी खडकात उतरले. पण १९६२ पूर्वीचे धक्के कोणतेही छिद्र परत आणून देणार नाही.

म्हणून नाशिकच्या त्या आलेखांकडे पुन्हा पाहावेसे वाटते. कळवण, पेठ, सुरगाण्याच्या बाजूला कधी रात्री मांडणीवरची भांडी वाजतात, लोक अंगणात येतात, आणि काही वेळाने पुन्हा झोपतात. कुणाला इजा नाही, भिंतीला भेग नाही. यंत्रावर तेवढी एक ओळ उमटते, आणि कुणीतरी तिच्यावरचे दोन तरंग ओळखून वेळ लिहून ठेवते. कोयनेच्या अभ्यासकाला १९६१ सालची नेमकी अशीच एक ओळ हवी आहे.