संमेलनात एकमत कुठून आले?

यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, तर २०१९ च्या जानेवारीत, ११ ते १३ या तारखांना, अरुणा ढेरे. या दुसऱ्या संमेलनाची आठवण निघाली की भाषणांच्या आधी निमंत्रणाची गोष्ट निघते. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावले होते. इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठीच्या व्यासपीठावर कशाला, असा विरोध उठला आणि संमेलन तोंडावर आले असताना ते निमंत्रण मागे घेतले गेले. संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी पद सोडले. कितीतरी निमंत्रित साहित्यिकांनी यवतमाळला येण्याचे नाकारले.

असा वाद कुठल्याही संमेलनात उपटला की एक समजूत हमखास पुढे केली जाते. तिचा पूर्वपक्ष नीट मांडू. ‘संमेलन’ या शब्दातच मेळ आहे. ‘सम्’ म्हणजे समान आणि ‘मेलन’ म्हणजे जुळणे. तेव्हा ज्यांची मने जुळतात त्यांनी एकत्र येणे ते संमेलन. ही कल्पना थेट वेदांतली. ऋग्वेदाच्या अखेरच्या सूक्तात समान मनाची आणि समान संकल्पाची प्रार्थना आहेच. म्हणून संमेलन हा उत्सव आहे. वाद घालायला वर्तमानपत्रे आहेत, न्यायालये आहेत. मांडवात तो आणणे म्हणजे शब्दाशीच द्रोह.

ऐकायला गोड आहे, पण यातला एकेक दुवा तपासला की निखळतो.

पहिला दुवा ‘सम्’. हा उपसर्ग आणि ‘समान’ हे विशेषण एक नव्हेत. ‘सम्’ सांगतो तो एकत्रपणा किंवा पुरेपणा. एकत्र आलेल्यांची मते कशी आहेत, याबद्दल तो काही बोलत नाही. पुरावा हवा तर ‘संग्राम’ पाहा. ‘ग्राम’ म्हणजे समूह. समूह एकत्र येणे हा ‘संग्राम’चा जुना अर्थ, आणि त्यातूनच लढाईचा अर्थ निघाला. ‘समर’ शब्दाचीही तीच कथा. ज्या ‘समिति’चे नाव वैदिक एकोप्याचा दाखला म्हणून घेतले जाते, त्या शब्दालाही संस्कृत कोशांत सभा आणि युद्ध असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीला हे नवे नाही. दोन मित्रांची गाठ पडते आणि दोन पैलवानांचीही पडते. यवतमाळ जिल्ह्यातलेच उदाहरण घ्यायचे तर पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांत तंटा निवडण्यासाठी जी बैठक बसते तिला नसाब म्हणतात. तिथे माणसे जमतात ती मतभेद आहे म्हणूनच.

दुसरा दुवा ‘मेलन’. त्याचा धातू ‘मिल्’. धातुपाठाने तुदादिगणात त्याचे अर्थ दिले आहेत ते श्लेषण आणि संगम, म्हणजे चिकटणे आणि भेटणे. एकरूप होणे हा अर्थ तिथे नाही. शिवाय हा धातू वेदांत सापडत नाही. तो दिसू लागतो अभिजात संस्कृतात. ऋग्वेदाच्या त्या अखेरच्या सूक्तात क्रियापदे आहेत ती चालण्याची, बोलण्याची आणि जाणण्याची. ‘मिल्’ तिथे कुठेच नाही. त्या क्रियापदांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी बरोबर चालणे, मग बरोबर बोलणे आणि त्यानंतर मने एकमेकांना कळणे. आणि मुळात ती प्रार्थना आहे. जे हाती असते ते कोणी मागत बसत नाही. मने एक नव्हती म्हणूनच ऋषींना ते मागावे लागले.

जाता जाता एका शेजारच्या धातूची ओळख करून घ्यायला हवी. दीर्घ ईकाराचा ‘मील्’ हा स्वतंत्र धातू आहे आणि त्याचा अर्थ डोळे मिटणे. निमीलन, उन्मीलन हे शब्द त्याचे. निमंत्रणपत्रिकांवर कधी कधी ‘स्नेहसंमीलन’ छापलेले आढळते, तेव्हा यजमान नकळत पाहुण्यांना डोळे मिटायला बोलावत असतात. ग्रहणाच्या गणितात संमीलन म्हणतात ते बिंब पूर्ण झाकले जाण्याच्या क्षणाला. वाद दिसू नये म्हणून जमायचे असेल, तर शब्द हाच वापरावा. व्याकरणाची हरकत राहणार नाही.

‘स्नेहसंमेलन’ या जोडशब्दाकडेही वेगळ्या कारणाने पाहावे. शाळा-कॉलेजांतल्या सोशल गॅदरिंगला मराठीत हे नाव पडले. संमेलनात आपुलकी आणि एकमत आधीच भरलेले असते, तर पुढे ‘स्नेह’ लावायची गरज काय होती? तो वेगळा जोडावा लागला, कारण नुसत्या ‘संमेलना’त तो नव्हता. खुद्द ‘मेळ’ या मराठी शब्दाचा अर्थ पाहायचा तर कापसाच्या अडत्याच्या रोजमेळाची वही उघडावी. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. मेळ बसतो तो या दोन विरुद्ध बाजू समोरासमोर मांडल्यावर. एक बाजू फाडून टाकली तर मेळ बसत नाही, हिशेब बुडतो.

आता पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा. न्या. रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली; आजच्या संमेलनाची गणना तिथून होते. १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले तेव्हा त्यांनी येण्यास नकार देणारे पत्र लिहिले, आणि त्या पत्रात नेमका ‘मेळ’ हाच शब्द आहे. तुमच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्यांचा मेळ मिळत नाही, असा त्याचा आशय. मग मेळ नसेल तर संमेलन नाही, हे फुल्यांनीच मान्य केले, असे कोणी म्हणेल.

पण फुल्यांनी मेळ नसल्याचे कारण काय दिले? माणसांचे सर्वसाधारण हक्क मानायला आणि तसे वागायला ही मंडळी तयार नाहीत, हे. त्यांचा मेळ हक्कांच्या पायावरचा होता. आमची मते तुमच्या मतांसारखी असावीत, अशी अट त्यांनी कुणाला घातली नाही. शिवाय ते गप्प राहून घरी बसले नाहीत. त्यांचा नकार ‘ज्ञानोदया’त छापून आला आणि ग्रंथकार सभेच्या इतिहासाचा भाग झाला. पुढे १९५८ मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. १९९९ मध्ये धारावीत पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले, बाबूराव बागूल अध्यक्ष होते. या दोन्ही संमेलनांनी ‘संमेलन’ हे नाव टाकले नाही. वाद मांडणाऱ्यांनाही तोच शब्द आपला वाटला.

कोणी म्हणेल, व्युत्पत्ती म्हणजे कायदा नव्हे. शब्दाचा अर्थ वापराने ठरतो. हे मान्यच आहे, आणि वापराचाच दाखला घेऊ. १९७५ मध्ये आणीबाणी चालू असताना कराडच्या संमेलनात दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्याच मांडवात दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सर्वांना उभे राहून प्रार्थना करायला लावली. कराडचे संमेलन आज आठवते ते यासाठी. १९७५ चे एकमताचे ठराव कोणाच्या लक्षात आहेत?

यवतमाळनेही शेवटी हेच दाखवले. उद्घाटन केले ते वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी याच जिल्ह्यातली, आणि व्यासपीठावरून त्या बोलल्या ते व्यवस्थेच्या सोयीचे नव्हते. अरुणा ढेरे यांनी अध्यक्षीय भाषणात निमंत्रण मागे घेण्याला अनुचित म्हटले. सहगलांचे न झालेले भाषण मराठी वृत्तपत्रांनी अनुवादून छापले, आणि मांडवात बसणाऱ्यांपेक्षा किती तरी अधिक लोकांनी ते वाचले.

तेव्हा ज्याला वाद टाळायचा आहे त्याने तो खुशाल टाळावा. त्यासाठी सुरक्षा, पैसा, राजकीय दबाव अशी खरी कारणे असतील तर ती उघड सांगावीत. त्यांवर चर्चा होऊ शकते. मात्र ‘संमेलन’ या शब्दाला साक्षीदार म्हणून उभे करू नये. त्याची साक्ष फिर्यादीच्या विरुद्ध जाते.