एकवीस की वीस एक? : चेक आकडे आणि ट्रॉम्बेची पाटी

आज आपण सुरुवात मोजण्यापासून करू, पण चेक भाषेत. येदेन, द्वा, त्र्शि, च्तिर्झि, प्येत, शेस्त, सेदुम, ओसुम, देव्येत, देसेत. झाले दहा. परके वाटतात, पण संस्कृतमधले द्वौ, त्रि, चत्वारि, सप्त, दश शेजारी ठेवून पाहा. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या, म्हणजे लांबच्या का होईना, बहिणी.

खरी गंमत विसाच्या पुढे आहे. वीस म्हणजे द्वात्सेत. एकवीस दोन तऱ्हांनी म्हणता येतं: ‘द्वात्सेत येदना’, म्हणजे वीस एक, किंवा ‘येदनाद्वात्सेत’, म्हणजे एक-वीस. दुसरी तऱ्हा शेजारच्या जर्मनसारखी आहे. आज दोन्ही चालतात. त्यावरून कोणी भाषा बुडाली म्हणत नाही.

आता आपल्याकडे या. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन आलं. एकवीस, बावीस ही नावंही सोबत होतीच. तरीही केवढा गदारोळ झाला! विधिमंडळात कोट्या झाल्या, घरोघरी विनोद फिरले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मात्र शांतपणे मुलांची अडचण सांगत राहिल्या.

ती अडचण काय होती? २५ लिहिताना आपण आधी दोन लिहितो, मग पाच. बोलताना मात्र पाच आधी येतो: पंचवीस. म्हणून नवशिकं मूल ५२ लिहून मोकळं होतं. शिवाय आपली दशकं रूप बदलतात. एक्कावन्नमध्ये पन्नास ऐकू येतो का? एकाहत्तरमध्ये सत्तर? आणि एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, तो तर तिशीचा दरवाजा ठोठावणारा विशीतला आकडा! एकविंशति, एकोनविंशति या रूपांची झीज होत होत ही नावं घडली. इतिहास म्हणून ती देखणी आहेत, पण सात वर्षांच्या मुलाला तो इतिहास जवळपास शब्दागणिक पाठ करावा लागतो.

हे कुणाला जड जातं? आपल्या ट्रॉम्बेतच बघा. १९७६ मध्ये अणुकेंद्राजवळची जनता कॉलनी हटवून तिथल्या लोकांना चीता कॅम्पमध्ये आणलं गेलं. त्यात तमिळ बोलणारी कितीतरी कुटुंबं होती. तिथलं मूल घरी ‘इरुपत्तोन्रु’ ऐकतं, म्हणजे वीस आधी. गल्लीत ‘इक्कीस’, इंग्रजीच्या तासाला ‘ट्वेंटी वन’, आणि मराठीच्या तासाला ‘एकवीस’. क्रम दोनदा असा, दोनदा तसा. हे मूल चुकलं की आपण म्हणतो, ‘याचं गणित कच्चं आहे.’ गणित कच्चं नसतं हो, नावं अवघड असतात!

आणि क्रम कधी बदलतच नाही असंही नाही. इंग्रजीतही एके काळी ‘फोर अँड ट्वेंटी’ म्हणत. नॉर्वेनं १९५१ मध्ये अधिकृत क्रम उलटवला. त्यामागे टेलिफोनचे नंबर सांगता-ऐकताना होणाऱ्या चुकांचं कारण होतं. तरी जुनी पद्धत तिथे आजही कानावर पडते.

मग आपण काय घ्यायचं? आम्हाला वाटतं, चेक लोकांचा समजूतदारपणा. एकवीस सोडायचा नाही. म्हणी, पाढे, आजीची मोजणी त्यातच आहे. पण पाटीवर पहिल्यांदा आकडा मांडणाऱ्या मुलाला ‘वीस आणि एक’ म्हणू द्यायला काय हरकत आहे? एकदा स्थानिक किंमत हाताशी आली की एकवीस आपोआप येईल. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या. त्यांच्यावर हसून झालं. आता त्यांचं म्हणणं नीट ऐकायला हवं.