सात दिवसांची उपासना

शोमरोन प्रांतांतील एका विहिरीवर भर दुपारीं पाणी भरावयास आलेल्या एका बाईनें येशू ख्रिस्ताला एक प्रश्न विचारला, असें योहानाच्या शुभवर्तमानांत सांगितलें आहे. तिचे पूर्वज एका डोंगरावर भजन करीत आले होते. यहूदी म्हणत कीं, भजनाचें खरें स्थान यरुशलेम. मग यांतलें खरें कोणतें? तिला उत्तर मिळालें तें असें कीं, खऱ्या उपासनेला डोंगर लागत नाहीं कीं राजधानीही लागत नाहीं. तिला अंतःकरण आणि सचोटी लागते. हें उत्तर बहुतेकांना ठाऊक असतें. तो संवाद सुरू कसा झाला, याकडे मात्र क्वचितच लक्ष जातें. तो सुरू झाला पाणी मागण्यावरून. यहूदी लोक शोमरोन्यांशीं असा व्यवहार ठेवीत नसत, आणि येशूनें तर त्या बाईच्या हातचें पाणी मागितलें. ख्रिस्ती धर्मांतील उपासनेचा हा सर्वश्रुत उपदेश घागरीपाशीं झाला, या गोष्टीचें मर्म महाराष्ट्रांतील माणसाला वेगळें समजावून सांगावें लागत नाहीं.

सोलापूर जिल्ह्याला तर हा प्रश्न फार जुना आहे. पंढरपूर याच जिल्ह्यांत. आणि पंढरीच्या देवळाबाहेर देव भेटतो कीं नाहीं, याचीं उत्तरें देणारे संतही याच मातींतले. माढें तालुक्यांतील अरण गांवचे सावता माळी पंढरीला गेले नाहींत; आपला मळा पिकविणें हीच त्यांची पूजा होती, अशी परंपरा आहे, आणि आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत सरकारी कोठारें उपाशी लोकांसाठीं खुलीं केलीं, आणि त्या धान्याची किंमत भरावयास स्वतः विठ्ठल महाराचें रूप घेऊन बेदरच्या दरबारांत गेला, अशी कथा लोकांनीं जपून ठेवली आहे. त्याच मंगळवेढ्यांत १३३८ सालीं गांवकुसाचें काम करीत असतां भिंत कोसळून चोखामेळा मरण पावले. त्यांची समाधि पंढरपुरास महाद्वारासमोर आहे. ज्या देवानें कथेंत महाराचा वेष घेतला, त्याच्या देवळांत महारांना शिरतां यावें म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यांत प्राण पणाला लावून उपवास करावा लागला. उपासना आणि आचरण यांच्यांतील अंतर किती शतकांचें असूं शकतें, याचा हा दाखला होय.

अशा भूमींत ख्रिस्ती उपासना आली. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस व १८३१ सालीं अहमदनगरास स्थिरावले, आणि १८६० नंतरच्या दशकांत त्यांच्या मराठी मिशनचें काम सोलापुरास सुरू झालें. १८७५ च्या सुमारास आलेले लोरिन गेट्स यांनीं आपल्या आयुष्याचीं पुढचीं अनेक वर्षें याच शहराला दिलीं. रविवारची घंटा, एकत्र म्हणावयाचीं गीतें, शास्त्रवाचन, उपदेश व प्रार्थना असा उपासनेचा क्रम ठरला. हा क्रम शिकणें सोपें होतें. कठीण होतें तें सोमवारपासून पुढचें. नव्या मंडळींत आलेले पुष्कळसे लोक महार व मांग समाजांतले होते. गांवच्या जत्रेंत देवीपुढें हलगी वाजविणें हें मांगांचें परंपरेचें काम. त्याच्याशीं बलुतें बांधलेलें. ज्याच्या श्रद्धेला हें काम पटेनासें झालें, त्याला रविवारच्या गीताची किंमत घरांतल्या धान्यानें मोजावी लागे. उलट, महार आणि मांग यांच्यांतला जुना दुरावाही मंडळीच्या दारांतून आंत आला. प्रभुभोजनाची भाकर एक आणि पेला एक. पण दोघांनीं एका पंक्तीस बसावें कीं नाहीं, हा प्रश्न मनांत जागाच राहिला. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवलें गेलें, त्यांनींही आपल्याखालीं कोणाला तरी ठेवावें, ही जातीची रीत. आणि तिची खरी परीक्षा देवळांत होत नव्हती, ती भाकरीपाशीं होत होती.

याच काळांत दुष्काळ आले. १८७६-७७ च्या दुष्काळानें सोलापूर जिल्हा होरपळून निघाला, आणि शतक संपतां संपतां १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ पाठोपाठ आले. मिशननें अनाथ मुलें संभाळलीं, अन्न दिलें, शाळा काढल्या. तेव्हांपासून एक आक्षेप ऐकूं येऊं लागला कीं, हे लोक पोटासाठीं प्रार्थना करतात. आक्षेप सर्वस्वी खोटा होता, असें म्हणतां येणार नाहीं. भुकेल्या माणसाच्या मनांत भाकर आणि देव हे वेगवेगळ्या कप्प्यांत नसतात. परंतु या आक्षेपाची दुसरी बाजूही आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांत उपवासाबद्दल जें सांगितलें आहे, त्याचा आशय असा कीं, मान खालीं घालून गोणपाटावर बसणें हा देवाला आवडणारा उपवास नव्हे. उपाशी माणसाला आपल्या अन्नांतला वांटा देणें हा खरा उपवास. तेव्हां, घेणाऱ्याच्या प्रार्थनेचा हेतु तपासण्यापूर्वीं देणाऱ्याच्या दानाचा हेतु तपासला पाहिजे. संख्या वाढविण्याच्या इच्छेनें दिलेली भाकर ही उपासना नव्हे. दामाजीच्या कोठाराप्रमाणें किंमत स्वतः सोसून जी दिली जाते, तीच उपासना.

सोलापुराहून पुण्याकडे जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर केडगांव आहे. तेथें पंडिता रमाबाईंनीं मुक्तिसदन उभारलें. रमाबाईंचे आईवडील १८७० नंतरच्या दुष्काळांत अन्नान्न दशेनें गेले होते. भुकेचा अर्थ त्यांना पुस्तकांतून शिकावा लागला नव्हता. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या व तेथून शेंकडों मुली घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतूनही मुली आल्या. १९०५ सालीं मुक्तिसदनांत प्रार्थनेची अशी लाट उठली कीं, तिचा बोलबाला परदेशांतही झाला. पण त्या दिवसांतही तेथें शेत पिकत होतें, माग चालत होते, आंधळ्या मुली बोटांनीं वाचावयास शिकत होत्या. रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें, तें साध्या बायकांना कळावें म्हणून. त्याचे खिळे मुक्तिसदनांतल्याच मुलींनीं जुळविले व पानेंही त्यांनींच छापलीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या. तें बायबल १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. या कामांत प्रार्थना कोठें संपली आणि मजुरी कोठें सुरू झाली, याची रेघ ओढणें कठीण आहे.

उपासनेला मराठी वाणी दिली ती नारायण वामन टिळकांनीं. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पाश्चात्य चालींवर बसविलेलीं गीतें मराठी जिभेवर परकीं वाटत. टिळकांनीं अभंग, ओवी व पदें रचून तीं मंडळीच्या तोंडीं दिलीं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. त्यांचीं गीतें आजही मराठी मंडळ्यांच्या उपासनेंत गाइलीं जातात. परंतु गीतांपेक्षांही बोलका आहे तो त्यांच्या घरचा इतिहास. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्राच्या आरंभींच त्यांच्या वडिलांच्या कडक सोवळ्याचें वर्णन येतें. बाजारांतून आलेल्या वस्तूही धुतल्यावांचून घरांत येत नसत. अशा घरची मुलगी पतीच्या धर्मांतरानंतर पांच वर्षें आपला धर्म व आपलें सोवळें धरून राहिली. तिला बदललें तें कोणाच्या उपदेशानें नव्हे. माणसामाणसांत भेद देवानें केला कीं माणसांनीं, याचा विचार करतां करतां तिचें तिलाच उत्तर सांपडलें, आणि कोणाच्याही हातचें पाणी पिण्यास ती मोकळी झाली. बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. पाणी त्याच्या आधींच पिऊन झालें होतें. पुढें त्याच बाईंनीं प्लेगच्या दिवसांत आजारी मुलांची शुश्रूषा केली व कोणाकोणाचीं पोरकीं मुलें आपल्या घरांत वाढविलीं. शोमरोनच्या विहिरीवरचा संवाद अशा रीतीनें एका मराठी स्वयंपाकघरांत पुरा झाला.

येथवरचा इतिहास समाधान देणारा आहे. पण सोलापुरांतच त्याचें एक असें पान आहे कीं, तें वाचतांना समाधान टिकत नाहीं. १८७१ च्या कायद्यानें इंग्रज सरकारनें कांहीं जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविल्या. १९११ च्या कायद्यानें तो अंमल देशभर पसरला. मुंबई इलाख्यांत ओ. एच. बी. स्टार्ट या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतली एक मोठी सोलापुरास होती. कैकाडी, पारधी, टकारी, मांग-गारुडी अशीं कुटुंबें तारेच्या कुंपणाआंत राहत, हजेरी देत, व गिरण्यांत कामाला जात. गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला बंदोबस्त. या वसाहतीची व्यवस्था कांहीं वर्षें अमेरिकन मराठी मिशनकडे होती. मिशनच्या माणसांनीं तेथें शाळा चालविल्या आणि आजाऱ्यांना औषधपाणी दिलें. त्यांचा हेतु सेवेचा होता, यांत शंका घेण्याचें कारण नाहीं. तरीही ज्या हातांत प्रार्थनेचें पुस्तक, त्याच हातांत हजेरीचेंही पुस्तक, ही गोष्ट उरतेच. उपासना मोकळ्या मनानें व्हावयाची; आणि कुंपणाआंतल्या माणसाला ‘नको’ म्हणण्याची मुभा कितीशी असते? तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला, आणि त्या जमाती तेव्हांपासून विमुक्त म्हणविल्या गेल्या. सेवा करणाऱ्यानें ज्याची सेवा करावयाची त्याच्या बेडीबद्दल कांहींच बोलूं नये, हें यशयाला मानवलें नसतें. त्याच्या त्याच वचनांत भाकरीच्या आधीं बंधनें तोडण्याची गोष्ट आलेली आहे.

हिब्रू भाषेंत ‘अवोदा’ या एकाच शब्दाचा अर्थ श्रम, सेवा आणि उपासना असा होतो. मराठींत ‘सेवा’ हा शब्द देवाच्याही बाबतींत चालतो आणि रोग्याच्याही. भाषांनीं जें एकत्र ठेविलें, तें माणसांनीं सोयीसाठीं वेगळें केलें : एक दिवस देवाचा आणि सहा आपले. रविवारची उपासना त्यामुळें निरर्थक ठरत नाहीं. गीत गाइल्याशिवाय, एकत्र बसल्याशिवाय माणसाला आपलें ध्येय आठवत नाहीं. टिळकांनीं एवढीं गीतें उगीच लिहिलीं नाहींत. पण गीताचा खरेपणा गीतांतच तपासतां येत नाहीं. तो तपासावा लागतो तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं : घरांत काम करणाऱ्या बाईला पाणी कोणत्या भांड्यांत दिलें जातें, मजुराच्या हातावर मजुरी किती व केव्हां पडते, आणि ज्याच्यावर आपला अधिकार चालतो त्याला आपल्यासमोर ‘नाहीं’ म्हणतां येतें कीं नाहीं, यावरून. सावता माळ्यांच्या मळ्यांत, केडगांवच्या छापखान्यांत व लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरांत जी उपासना झाली, तिला वार नव्हता. तारेच्या कुंपणाआंत जी झाली, तिला वार होता, घंटा होती आणि हजेरीही होती.