क्लच, खेळण्यातली पोर्शे आणि शिझुओका



शिनकानसेनने तोक्योहून ओसाकाकडे निघालो की उजव्या खिडकीतून फुजी दिसतो तो शिझुओका प्रांतात. आपण सगळे फोटो काढतो आणि पुढे जातो. पण या प्रांताचे आपल्या घरांशी जुने नाते आहे. तिकडची मारुती आणि इकडे मुलांच्या हातातल्या रिमोटच्या गाड्या, दोहोंची मुळे इथेच सापडतात. दोहोंमागे सवयही एकच आहे: आलेली वस्तू आधी पूर्ण उघडायची, मापे घ्यायची आणि मग जोडायला बसायचे.

सुरुवात मागांपासून होते. प्रांताचा पश्चिम भाग आपल्या इचलकरंजी-मालेगावसारखा कापडाचा. यंत्रमाग बनवणारे साकिची तोयोदा इथल्याच, आजच्या कोसाइ गावचे. त्यांचे चिरंजीव किइचिरो यांना मोटारीचे वेड. त्यांनी १९३३ सालची शेव्हरोलेट विकत घेतली, ती सुटी केली आणि एकेका भागाचा अभ्यास केला. मे १९३५ मध्ये त्यांची पहिली नमुना मोटार तयार झाली. शेजारच्या हामामात्सुला १९०९ पासून माग बनवणाऱ्या मिचिओ सुझुकी यांनीही १९३७ मध्ये इंग्लंडची ऑस्टिन सेव्हन आणून तेच केले. युद्धामुळे काम थांबले आणि त्यांची ‘सुझुलाइट’ बाजारात यायला १९५५ साल उजाडले. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरातली पहिली गाडी अशी हामामात्सुच्या मागवाल्यांकडून आली.

आता शिझुओका शहरात येऊ. इथे १९४६ मध्ये योशिओ तामिया यांनी लाकडाची वखार काढली. १९४८ पासून तिथे लाकडी जहाजे-विमानांची मॉडेल्सही होऊ लागली. १९५१ च्या आगीत बरेच काही गेले. दोन वर्षांनी त्यांनी इमारती लाकूड सोडून फक्त मॉडेल्स धरली. १९६० मध्ये ‘यामातो’ युद्धनौकेचे प्लॅस्टिक मॉडेल काढले, पण ते चालले नाही. मग योशिओंचे चिरंजीव शुनसाकु यांनी पँथर रणगाडा काढला आणि तो तुफान खपला. आज जगभर रणगाड्यांची मॉडेल्स १/३५ या प्रमाणात बनतात. ते प्रमाण या पँथरमुळे रूढ झाले, आणि पँथरचा आकार ठरला तो पोटात मोटर आणि सेल मावावेत म्हणून!

१९७६ मध्ये त्यांनी विजेवर चालणारी, रिमोटची पोर्शे ९३४ बाजारात आणली. ती बनवण्यासाठी शुनसाकु यांनी चक्क खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि तिचा नटबोल्ट न् नटबोल्ट सुटा केला. मापे झाली, पण गाडी काही पुन्हा जुळेना. शेवटी पोर्शेच्या माहीतगारांना बोलवावे लागले. मॉडेलने मात्र इतिहास घडवला. रिमोटच्या गाड्यांचा छंद जगभर पसरला त्यात या गाडीचा मोठा वाटा आहे. तिच्यातली ‘५४०’ आकाराची मोटर आजही या छंदात सर्रास चालते.

इथे एक गंमत आहे. त्या पोर्शेला क्लच नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. विजेची मोटर उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावते. पेट्रोलचे इंजिन तसे करू शकत नाही. त्याला सतत फिरत राहावे लागते. म्हणून फिरते इंजिन आणि थांबलेली चाके यांची हळूहळू गाठ घालून द्यायला मध्ये घासणारी एक चकती लागते. तोच क्लच. इंजिनवर चालणाऱ्या रिमोटच्या गाड्यांत तो असतोच. इंजिनाचा वेग वाढला की त्यातले छोटे तुकडे बाहेर फेकले जाऊन भोवतीच्या वाटीला घट्ट धरतात.

आम्ही चौघांनी नुकताच खऱ्या क्लचला हात घातला. आमच्यातल्या एकाची जुनी केइ-व्हॅन. इंजिन ओरडायचे, पण चढावर गाडी हलायची नाही. क्लच प्लेट झिजली होती. काम त्याच्याच घरच्या पार्किंगमध्ये केले. बॅटरीची वायर काढली, गाडी घोड्यांवर चढवली. (इथले मेकॅनिकही या घोडीला ‘उमा’, म्हणजे घोडाच म्हणतात. आपला ‘हाफ क्लच’ही इथे ‘हान-कुराच्ची’ आहे!) मग मागच्या चाकांकडे जाणारा दांडा काढला, गिअरबॉक्सला जॅकचा टेकू दिला आणि तो मागे ओढून उतरवला. प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर काढलेल्या चित्रात त्याच्या जागी खोचून ठेवला.

रसायनवाले म्हणून आमची एक विनंती. आतली काळी धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा. क्लचच्या अस्तरात पूर्वी ॲस्बेस्टॉस असे. जपानने अशा अस्तरांवर ऑक्टोबर २००४ मध्ये बंदी आणली. गाडी त्याआधीची असेल तर काळजी घेतलेली बरी.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, तिन्ही एकदमच बदलले. नवी प्लेट नेमकी मध्यावर बसली नाही तर गिअरबॉक्सचा दांडा तिच्यात शिरत नाही. त्या एका गोष्टीत आमचा अख्खा रविवार गेला. उघडायला एक दिवस लागला, जोडायला दोन. शुनसाकुंच्या पोर्शेची गोष्ट तेव्हा खऱ्या अर्थाने कळली.

हे कायद्यात बसते का, असे अनेकांनी विचारले. स्वतःच्या गाडीचे काम स्वतः करायला इथे मनाई नाही. ते देखभालीच्या वहीत नोंदवून ठेवायचे, एवढेच. इतरांच्या गाड्यांचे असे काम धंदा म्हणून करायचे तर मात्र सरकारी मान्यता लागते.

पण हे शिकण्याची वेळ आता थोडीच उरली आहे. नोव्हेंबर १९९१ मध्ये इथे फक्त ऑटोमॅटिकचा परवाना सुरू झाला आणि क्लचशिवाय गाडी शिकलेली पिढी तयार झाली. एप्रिल २०२५ पासून तर ड्रायव्हिंग स्कूलमध्येही मुख्य शिक्षण ऑटोमॅटिकवर झाले असून क्लचचे धडे वेगळे जोडले जातात. विजेच्या गाड्यांत बॅटरी आणि मोटर, क्लच नाही. खरी मोटार आता १९७६ च्या खेळण्यासारखी होत चालली आहे. शुनसाकु तामिया जुलै २०२५ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेले.

आपल्या मुलांना क्लच बदलायची वेळ बहुधा येणार नाही. त्याचे दुःख नाही. पण त्यांच्या हाती येणारी प्रत्येक वस्तू बंद डबीसारखी असते. बिघडली की टाका आणि नवी आणा. आपण इथे आलो ते बहुतेक सगळे हाताने आणि डोक्याने काम करणारे लोक. ती सवय मुलांपर्यंत पोचवायला शेव्हरोलेट लागत नाही. रिमोटच्या गाडीचा सुटा संच आणा, पण तयार करून मुलाच्या हाती देऊ नका. डिफरन्शिअलची चक्रे त्यालाच बसवू द्या. एक वळण्याआधीच अडकेल, तेव्हा पुन्हा उघडू द्या.

पुढच्या महिन्यात एका रविवारी मुलांसाठी असा कार्यक्रम करण्याचा मंडळाचा विचार आहे. यायचे असेल त्यांनी कार्यकारिणीला कळवावे. पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर आम्ही आणू. पालकांनी फक्त हात मागे बांधून बसायचे आहे.